रिपोर्टमधला आकडा बदलला, म्हणजे जनुक बदललं का?

साताऱ्याहून कोरेगावला जाणारा रस्ता डोळ्यांसमोर आणा. माहुलीला कृष्णा ओलांडायची, पुढे कोरेगाव, आणि तसंच सरळ गेलं की पुसेगाव. आता समजा, माहुलीजवळची वळणं काढून रस्ता सरळ केला आणि दीड किलोमीटर अंतर वाचलं. साहजिकच पुढच्या सगळ्या दगडांवरचे आकडे बदलावे लागतील. कोरेगावचा बदलेल, पुसेगावचाही बदलेल. पण म्हणून कोरेगाव जागचं हललं का? सेवागिरी महाराजांचं मंदिर दीड किलोमीटर अलीकडे आलं का?

अजिबात नाही. गाव तिथंच आहे, फक्त सुरुवातीपासून मोजलेलं अंतर बदललं.

माणसाच्या डीएनएच्या बाबतीतही नेमकं हेच झालंय. एकदा नाही, अनेकदा. आणि हे माहीत नसेल तर एखाद्या घरात विनाकारण घाबरगुंडी उडू शकते, किंवा त्याहून वाईट म्हणजे खरा धोका नजरेतून सुटू शकतो.

दोन रिपोर्ट, दोन आकडे

समजा, कोरेगाव तालुक्यातलं एक जोडपं आहे. घरात बाळाची चाहूल लागली आहे. नवऱ्याची जनुकीय तपासणी काही वर्षांपूर्वी एका लॅबमध्ये झाली होती. त्यात तो बीटा थॅलेसेमियाचा वाहक निघाला. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं: गुणसूत्र ११, जागा ५२,४८,१५५.

आता बायकोची तपासणी दुसऱ्या लॅबमध्ये झाली. तीही वाहक निघाली. तिच्या रिपोर्टमध्ये जागा आहे: गुणसूत्र ११, ५२,२६,९२५.

घरातला शिकलेला पोरगा दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवतो आणि म्हणतो, "आकडे वेगळे आहेत. म्हणजे दोघांचा दोष वेगळ्या जागी आहे. काळजीचं कारण नाही."

इथंच घात होतो. कारण हे दोन्ही आकडे एकाच जागेचे आहेत. दोघांमध्येही एचबीबी या जनुकातला एकच बदल आहे आणि भारतात बीटा थॅलेसेमियाच्या रुग्णांमध्ये हाच बदल सर्वाधिक आढळतो. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला गंभीर थॅलेसेमिया होण्याची शक्यता चारात एक असते. अशा मुलाला आयुष्यभर ठराविक आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. गर्भाची तपासणी करायची की नाही, हे ठरवायला हातात फार दिवस नसतात.

खरं तर त्या पोराचा तर्क दुसऱ्या कारणानेही चुकीचा आहे. दोघांचे बदल एचबीबी जनुकात वेगवेगळ्या जागी असते, तरी बाळाला धोका असूच शकतो. पण मूळ गोंधळ आकड्यांचा आहे, म्हणून आधी तो सोडवू.

आकडा मोजतात कुठून?

माणसाचा डीएनए म्हणजे ए, टी, जी आणि सी या चार अक्षरांची लांबलचक माळ. एका संचात साधारण ३०० कोटी अक्षरं असतात आणि ती २३ गुणसूत्रांमध्ये विभागलेली असतात. गुणसूत्राच्या एका टोकापासून अक्षरं मोजत यायचं. जे अक्षर कितवं, तो त्याचा पत्ता.

पण मोजायला एक प्रमाण माळ लागते, ज्याच्याशी सगळ्यांची तुलना करता येईल. तिला संदर्भ जीनोम म्हणतात. सोप्या भाषेत, डीएनएचा सरकारी नकाशा.

हा नकाशा कुणा एका माणसाचा नाही. ह्युमन जीनोम प्रोजेक्टसाठी १९९७ मध्ये अमेरिकेतल्या बफेलो शहरात वर्तमानपत्रात जाहिरात देऊन रक्तदाते मिळवले होते. त्यांची नावं गुप्त ठेवली गेली. अनेकांच्या डीएनएचे तुकडे जोडून नकाशा तयार झाला, तरी त्यातला सुमारे ७० टक्के भाग एकाच दात्याचा आहे.

२००३ मध्ये प्रकल्प पूर्ण झाल्याचं जाहीर झालं, पण नकाशात बरीच भोकं राहिली होती. काही तुकडे उलटे जोडले गेले होते, काही दोनदा आले होते. त्यामुळे सुधारित आवृत्त्या निघत गेल्या. त्यातल्या तीन महत्त्वाच्या:

- मार्च २००६: एनसीबीआय ३६, म्हणजेच एचजी १८
- फेब्रुवारी २००९: जीआरसीएच ३७, म्हणजेच एचजी १९
- डिसेंबर २०१३: जीआरसीएच ३८, म्हणजेच एचजी ३८

आपल्या जोडप्यातला तो एकच बदल या तीन नकाशांवर अनुक्रमे ५२,०४,७३१, ५२,४८,१५५ आणि ५२,२६,९२५ या जागी दिसतो. जागा एक, पत्ते तीन. नवऱ्याचा रिपोर्ट जीआरसीएच ३७ वर होता, बायकोचा ३८ वर. बस, एवढाच फरक.

मग सगळ्यांतून तेवढंच वजा करायचं का?

हिशेब सोपा वाटतो. ५२,४८,१५५ मधून ५२,२६,९२५ वजा केले की २१,२३० उरतात. मग जुन्या प्रत्येक आकड्यातून २१,२३० वजा केले की झालं!

तसं होत नाही. स्तनाच्या कर्करोगाशी संबंधित बीआरसीए १ हे जनुक घ्या. त्यातल्या एका प्रसिद्ध बदलाची जागा जीआरसीएच ३७ वर गुणसूत्र १७, ४,१२,७६,०४५ आहे. जीआरसीएच ३८ वर तीच जागा ४,३१,२४,०२८ होते. म्हणजे कमी व्हायच्या ऐवजी तब्बल १८ लाख ४७ हजार ९८३ अक्षरांनी पुढे.

कारण उघड आहे. रस्त्यावर कुठं वळण काढलं, कुठं नवीन फाटा जोडला, यावर पुढच्या दगडांचे आकडे ठरतात. गुणसूत्र ११ ची एकूण लांबी नव्या नकाशात १३,५०,०६,५१६ वरून १३,५०,८६,६२२ झाली, म्हणजे वाढली. तरी एचबीबीचा आकडा कमी झाला. कारण एचबीबी गुणसूत्राच्या सुरुवातीच्या भागात आहे. त्याच्या अलीकडे नकाशा आखडला आणि पलीकडे कुठंतरी वाढला.

थोडक्यात, प्रत्येक भागाचा हिशेब वेगळा.

लिफ्टओव्हर नावाची खातेवही

हा हिशेब हातानं करणं अशक्य. त्यासाठी अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेनं एक साधन तयार केलं. त्याचं नाव लिफ्टओव्हर. पुढे क्रॉसमॅप, एन्सेम्बलचं असेम्ब्ली कन्व्हर्टर अशी इतर साधनंही आली, पण मूळ कल्पना तीच.

आधी जुना आणि नवा नकाशा एकमेकांवर ठेवून जुळवतात. मग एक फाइल बनते, तिला चेन फाइल म्हणतात. त्यात साधारण असं लिहिलेलं असतं: इथून इथपर्यंतचा तुकडा दोन्हीकडे सारखा. मग जुन्या नकाशात इतकी अक्षरं जास्त. पुन्हा इतका तुकडा सारखा. मग नव्या नकाशात इतकी अक्षरं जास्त. असं गुणसूत्राच्या शेवटापर्यंत.

तुम्ही जुना आकडा दिला की साधन बघतं, हा कोणत्या सारख्या तुकड्यात पडतो. त्या तुकड्याला जितकं पुढे किंवा मागे सरकवायचं, तितका आकडा सरकतो. नवा पत्ता तयार.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. चेन फाइलला दिशा असते. ३७ वरून ३८ वर जायची फाइल वेगळी, ३८ वरून ३७ वर यायची वेगळी. फाइल चुकली तरी अनेकदा साधन तक्रार करत नाही, गुपचूप चुकीचा आकडा देऊन मोकळं होतं.

सर्व्हे नंबर ते गट नंबर: गुंता इथं होतो

किलोमीटरच्या दगडाची गोष्ट इथपर्यंत पुरते. पुढचा गुंता समजायला शेतात जावं लागेल.

१९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरण कायद्यानुसार पश्चिम महाराष्ट्रातल्या अनेक गावांत योजना राबवली गेली. जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. ज्यांच्या घरी जुने कागद आहेत त्यांना माहीत आहे, की प्रत्येक जुन्या नंबरला एकच नवा नंबर मिळतो असं नाही. एका सर्व्हे नंबरचे दोन गट झाले. दोन-तीन नंबर मिळून एक गट झाला. आणि जुन्या उताऱ्यावरचा नंबर नव्या सातबाऱ्यावर शोधायला गेलं, तर दुसऱ्याचीच जमीन निघाली.

जीनोममध्येही तेच होतं. जुना पत्ता टाकल्यावर लिफ्टओव्हर कधीकधी नवा पत्ता देण्याऐवजी शेरा मारतं:

- हा भाग नव्या नकाशातून वगळला आहे.
- भागाचा काही हिस्साच नव्या नकाशात सापडतो.
- भाग फुटून दोन ठिकाणी गेला आहे.
- हा भाग नव्या नकाशात एकापेक्षा जास्त ठिकाणी आहे.

एखादा लांब पट्टा बदलायचा असेल तर त्यातली किमान किती अक्षरं नव्या नकाशावर जुळायला हवीत, ही मर्यादाही असते. लिफ्टओव्हरमध्ये ती मुळात ९५ टक्के ठेवलेली आहे. ती कमी केली की जास्त पत्ते "सापडतात", पण त्यातले किती खरे, याची खात्री कमी होते.

जे पत्ते बदलता आले नाहीत, त्यांची वेगळी यादी निघते. घाईत काम करणारे ही यादी उघडूनही बघत नाहीत. रुग्णाचा महत्त्वाचा बदल नेमका त्या यादीत असला, तर पुढच्या तपासणीत तो दिसणारच नाही. कुणी पुसला म्हणून नाही, तर कुणी पुढे नेलाच नाही म्हणून.

नकाशावरच चुकीचं अक्षर असेल तर?

आतापर्यंत पत्त्याचं बोललो. पण पत्ता बरोबर आला तरी काम संपत नाही. त्या पत्त्यावरचं अक्षरही बघावं लागतं.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण फॅक्टर पाच या जनुकाचं आहे. रक्त गोठण्याच्या क्रियेत हे जनुक काम करतं. त्यातल्या 'लायडन' नावाच्या बदलामुळे शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. युरोपीय वंशाच्या लोकांत हा बदल जास्त आढळतो. या जागी बहुतेक लोकांमध्ये सी हे अक्षर असतं, लायडन बदल असलेल्यांमध्ये टी.

पण गंमत अशी, की जीआरसीएच ३७ या नकाशावर त्या जागी टीच छापलेला होता! ज्या दात्याचा तुकडा तिथं वापरला गेला, त्याच्याकडे तो बदल होता.

परिणाम काय? संगणक साधारणपणे नकाशापेक्षा वेगळं काय आहे, तेवढंच नोंदवतो. त्यामुळे निरोगी माणसाच्या यादीत "बदल आहे" असं दिसायचं. आणि ज्याच्याकडे आईवडील दोघांकडून टी आला, म्हणजे ज्याला धोका सर्वात जास्त, त्याच्या यादीत ही जागा यायचीच नाही. कारण तो नकाशाशी तंतोतंत जुळायचा!

जीआरसीएच ३८ मध्ये ही चूक सुधारली. तिथं आता सी आहे. पत्ताही १६,९५,१९,०४९ वरून १६,९५,४९,८११ झाला. पण जुनी यादी नव्या नकाशावर नेताना फक्त आकडा बदलला आणि अक्षरं तशीच ठेवली, तर अर्थ उलटा होतो. काही साधनं नव्या नकाशावरचं अक्षर तपासतात आणि जुळलं नाही तर नोंद बाजूला काढतात. म्हणून फक्त पत्ता बदलणारं साधन आणि बदलाची पूर्ण नोंद बदलणारं साधन, यातला फरक कळणं गरजेचं आहे.

एका अक्षराची चूक किती महाग?

पुन्हा कोरेगावच्या त्या जोडप्याकडे येऊ. या क्षेत्रात फाइलींचे दोन मुख्य प्रकार वापरतात. बेड फाइलमध्ये मोजणी शून्यापासून सुरू होते, व्हीसीएफ फाइलमध्ये एकपासून. म्हणजे एकीतलं ५२,४८,१५४ दुसरीतलं ५२,४८,१५५ असतं. रूपांतर करताना हे विसरलं की आकडा एकने चुकतो.

३०० कोटींत एक, त्यानं काय बिघडतं? तर या जागी बरंच बिघडतं. ५२,४८,१५५ वरचा बदल गंभीर प्रकारच्या थॅलेसेमियाशी जोडलेला आहे. अगदी शेजारच्या ५२,४८,१५४ वरही एक माहितीतला बदल आहे, तोही बीटा थॅलेसेमियाचाच. पण तो सौम्य समजला जातो. एका घराच्या चुकीनं समुपदेशनातलं चित्रच पालटू शकतं.

आणि जुना आकडा तसाच नव्या नकाशावर शोधला तर? जीआरसीएच ३८ वर ५२,४८,१५५ ही जागा एचबीबीमध्ये नाहीच. ती गॅमा ग्लोबिनच्या, म्हणजे बाळ पोटात असताना काम करणाऱ्या जनुकाच्या अगदी शेजारी, पण बाहेर पडते. तिथं शोधणाऱ्याला वाटेल, "काहीच सापडलं नाही."

आणखी एक गल्लत अक्षरांची. एचबीबी जनुक डीएनएच्या उलट्या पट्टीवर वाचलं जातं. त्यामुळे तोच बदल जनुकाच्या भाषेत "जी च्या जागी सी" आणि नकाशाच्या भाषेत "सी च्या जागी जी" असा लिहिला जातो. दोन्ही बरोबर.

नवीन नकाशा आहे, मग सगळे तोच का वापरत नाहीत?

कारण जुन्या नकाशावर प्रचंड काम झालंय. जगभरातल्या २,५०४ लोकांचा '१००० जीनोम्स' प्रकल्प २०१५ मध्ये पूर्ण झाला, तो जीआरसीएच ३७ वर. त्यात ह्यूस्टनमधले गुजराती आणि ब्रिटनमधले तेलुगू लोकही होते. सीएसआयआरच्या 'इंडिजेन' प्रकल्पात १,०२९ भारतीयांचे जीनोम वाचले गेले, ते जीआरसीएच ३८ वर. एखादा बदल भारतीयांत किती जणांकडे आहे हे बघायचं, तर दोन्हीकडची माहिती एका नकाशावर आणावीच लागते.

यापुढे ही गरज वाढणार आहे. 'जीनोम इंडिया' प्रकल्पात सुमारे १० हजार भारतीयांचे जीनोम वाचले गेले. पुण्याची आयसर संस्थाही त्यात आहे. ही माहिती फरीदाबादच्या भारतीय जैविक माहिती केंद्रात ठेवली असून ९ जानेवारी २०२५ रोजी ती संशोधकांसाठी खुली झाल्याचं जाहीर झालं.

शिवाय नकाशाही थांबलेला नाही. २०२२ मध्ये 'टेलोमेअर टू टेलोमेअर' गटानं भोकं नसलेला पहिला मानवी जीनोम प्रसिद्ध केला. जवळपास २० कोटी अक्षरं नव्यानं जोडली गेली. २०२३ मध्ये ४७ लोकांच्या जीनोमवर आधारलेला 'पॅनजीनोम'चा मसुदा आला. म्हणजे पत्ते पुन्हा बदलणार.

म्हणूनच जाणकार सांगतात, की उपचाराचा निर्णय अवलंबून असेल तर नुसते पत्ते बदलून थांबू नये. शक्य असेल तर यंत्रातून आलेली मूळ माहिती नव्या नकाशावर नव्यानं जुळवावी. लिफ्टओव्हर हा जवळचा रस्ता आहे. बहुतेक वेळा तो बरोबर पोहोचवतो, पण पोहोचल्यावर पाटी वाचून खात्री करावी लागते.

रिपोर्ट हातात आल्यावर काय बघायचं?

सामान्य माणसाला चेन फाइल कळायची गरज नाही. चार गोष्टी मात्र जरूर बघा.

१. रिपोर्टवर जीआरसीएच ३७, जीआरसीएच ३८, एचजी १९ किंवा एचजी ३८ यापैकी काय लिहिलंय ते शोधा. साधारणपणे हे शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत असतं. नसेल तर लॅबला विचारा.

२. दोन रिपोर्टची तुलना नुसत्या आकड्यावरून करू नका. जनुकाचं नाव आणि त्या जनुकातली बदलाची खूण बघा. आपल्या उदाहरणात ती "एचबीबी, सी.९२+५ जी>सी" अशी असते. ही खूण जनुकाच्या आत मोजलेली असल्यानं नकाशा बदलला तरी सहसा बदलत नाही. फक्त जनुकाची तीच प्रत वापरली आहे ना, तेवढं बघायचं.

३. व्हॉट्सअॅपवर डॉक्टरांना रिपोर्ट पाठवताना फक्त आकडा असलेल्या ओळीचा फोटो पाठवू नका. सगळी पानं पाठवा. नकाशाचं नाव कापलं गेलं, तर आकड्याला काही अर्थ राहत नाही.

४. जुना रिपोर्ट फेकू नका. आणि थॅलेसेमियाच्या बाबतीत लक्षात ठेवा, वाहक आहे की नाही याची पहिली चाचणी डीएनएची नसते. रक्तातलं एचबीए २ चं प्रमाण बघून बहुतेक वेळा ते कळतं. आकड्यांचा कितीही घोळ झाला तरी ही चाचणी हाताशी आहे.

त्या घरातल्या पोरानं शेवटचं पान उलटून बघितलं असतं, तर त्याला दोन वेगवेगळ्या नकाशांची नावं दिसली असती. मग प्रश्न "दोष वेगळा आहे का?" हा उरलाच नसता. खरा प्रश्न उरला असता तो बाळाच्या तपासणीचा, आणि तो वेळेत डॉक्टरांसमोर ठेवता आला असता.